तोडीचा कार्यक्रम मोडतो तेव्हा

कारखान्यातील कामाची आखणी हा विषय वसंत व्याख्यानमालेला जरा रुक्ष होईल, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी बोलून दाखविली. काव्य, इतिहास, अध्यात्म यांच्या पंगतीत हे वेळापत्रकाचे पान कशाला, असा त्यांचा भाव होता. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, तुमच्या धाकट्या बंधूंच्या उसाला तोड कधी येणार? त्यासरशी ते पाऊण तास बोलत होते. नोंद केव्हाची, लागण कोणत्या तारखेची, शेजारच्याचा ऊस मागून लागलेला असून आधी कसा गेला, चिटबॉय काय म्हणाला, मुकादम काय म्हणाला, सगळे आले. विषय रुक्ष नाही अशी आमची खात्री झाली. श्रीगोंदे तालुक्यात तरी नाहीच नाही.

कारखानदारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिंपरी-चिंचवडची यंत्रे उभी राहतात. परंतु दक्षिणेस भीमा, पश्चिमेकडून येणारी घोड, आणि घोड व कुकडी यांच्या कालव्यांचे पाणी यांवर पोसलेल्या या मुलखात दोन सहकारी साखर कारखाने आहेत, आणि दर हंगामात येथे जी कारखानदारी चालते ती आखणीच्या दृष्टीने यंत्रसामग्री बनविणाऱ्या कारखान्याहून अधिक अवघड आहे. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी लोणीला १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून ही अवघड कला आपल्याकडे हजारो माणसे शिकली. ती कोणत्या ग्रंथात लिहिलेली नाही.

अवघड ती का, हे आधी पाहू. लोखंडी सामान बनविणारा कारखाना महिन्याचे पोलाद अंगणात रचून ठेवू शकतो. उसाचे तसे नाही. कोयता लागला की त्याच क्षणापासून उसाचे वजन घटू लागते आणि आतल्या साखरेचे विघटन होऊ लागते. न स्फटिकणाऱ्या साखरेचे प्रमाण वाढते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत चरकात गेला पाहिजे. कच्चा माल गोदामात ठेवावयाचा नाही, तो शेतात उभाच ठेवावयाचा आणि रोज हवा तेवढाच तोडून आणावयाचा. आता दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना घ्या. त्याला तासाला सुमारे १०४ टन ऊस लागतो, रात्रंदिवस. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो असे धरले, तर साडेबाराशे ते साडेसोळाशे जोडपी रोज फडात असावी लागतात. टायरगाडीत दोन-अडीच टन येतात. ट्रक किंवा दोन ट्रेलरांचा ट्रॅक्टर पंधरा-वीस टन आणतो. ही सर्व वाहने पंचवीस-तीस मैलांच्या परिसरातून निघून वजनकाट्यावर अशी यावयास हवीत की गव्हाण कधी रिकामी राहू नये आणि अड्ड्यावर उसाचे कांडे वाळू नये. गव्हाण रिकामी पडली तर चरक थांबतो. त्या थांबण्याला कारखान्यात ‘नो केन’ म्हणतात, आणि हे दोन शब्द उच्चारताना शेतकी अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो! चरक थांबला की बगॅस थांबते, बगॅस थांबली की बॉयलरला जळण राहिलेल्या साठ्यावर चालवावे लागते, आणि पुढे वाफेवाचून साखर शिजविण्याचे पॅनही अडतात. उलट ऊस जास्त आला तर बैल जुवाखाली ताटकळतात आणि उतारा घसरतो.

या दोन संकटांच्या मधून जाणारी वाट म्हणजे तोडीचा कार्यक्रम. तो होतो कसा, हे शेतकरी वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सभासद उसाची नोंद करतो; तीत लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र असते. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि मागील उसाचा फुटवा तो खोडवा. लागणीच्या तारखेच्या क्रमाने गटवार याद्या होतात, पक्वता पाहून त्यांत फेरफार होतो, आणि टोळ्यांना फड वाटले जातात. ही यादी कागदावर पाहिली तर वाटते, यात कठीण ते काय? तारखेप्रमाणे माणसे उभी करावयाची. बरोबर आहे. काही कठीण नाही, जोवर काही घडत नाही तोवर.

येथे थोडा वेळ परमुलखात जाऊन येऊ. अशा आखणीचे शास्त्र पश्चिमेकडे चांगले वाढले आहे. अमेरिकेत हेन्री गँट याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कामाच्या आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. आजही प्रत्येक बांधकामाच्या कचेरीत ते भिंतीवर दिसतात. १९५४ मध्ये एस. एम. जॉन्सन याने दोन यंत्रांवरून क्रमाने जाणाऱ्या कामांचा सर्वांत कमी वेळाचा क्रम कसा लावावा याचा गणिती नियम दिला. पुढे तीस वर्षे विद्वान असले नियम शोधीत राहिले. मग १९८० नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातील मार्क फॉक्स व स्टीफन स्मिथ हे वेस्टिंगहाऊस कंपनीच्या, टर्बाइनची पाती घडविणाऱ्या एका कारखान्यासाठी संगणकाचा कार्यक्रम तयार करावयास गेले. तेथील आखणी करणारा माणूस दिवसभर करतो तरी काय, हे त्यांनी पाहिले. क्रम लावण्यात त्याचा दहा-वीस टक्केच वेळ जात होता. उरलेला ऐंशी-नव्वद टक्के वेळ तो माणसांशी बोलून आज कोठे काय अडले आहे आणि उद्या काय अडणार आहे, हे काढून घेत होता. कॅनडातील केनेथ मॅके व त्यांचे सहकारी यांनी तर अशा माणसांच्या शेजारी बसून त्यांचे निर्णय टिपले, आणि १९८८ मध्ये, आखणीच्या या पुस्तकी सिद्धांतातले प्रत्यक्ष कामाला लागू पडणारे कोणते, असा सरळ प्रश्न विचारला. पुस्तकातला प्रश्न स्थिर असतो, कारखान्यातला रोज बदलतो, हे त्यांचे म्हणणे.

आमच्या शेतकी कचेरीतील कोणत्याही जुन्या माणसाला हे ऐकविले तर तो म्हणेल, हे शोधायला कॅनडात कशाला जायचे? परंतु शोध खरा आहे, आणि तो घेऊन परत आपल्या अड्ड्यावर येऊ.

समजा, जानेवारीतील रात्र आहे. नऊ वाजले आहेत. चरकाचे एक बेअरिंग तापले आणि गाळप थांबले. अभियंता सांगतो, दोन तास. अड्ड्यावर गाड्यांची रांग आहे, ट्रक वाटेवर आहेत, फडात तोडलेल्या मोळ्या पडून आहेत. नवखा अधिकारी दोन तास हा आकडा घेऊन सारा कार्यक्रम दोन तास पुढे सरकवील. जाणता माणूस आधी हे पाहतो की, ‘दोन तास’ म्हणणारा अभियंता कोण. एकाचे दोन तास म्हणजे दोन तास. दुसऱ्याचे दोन तास म्हणजे पहाट. ही माहिती कोणत्याही रजिस्टरात नसते. मग तो कार्यक्रम सबंध मोडून नव्याने मांडीत बसत नाही. तो दूरच्या गटातील चिटबॉयला निरोप देतो की, सकाळी नवी तोड लगेच सुरू करू नका, आधी पडलेला माल उचला. चरक सुरू झाल्यावर आधी गाड्या मोकळ्या करावयाच्या, कारण ट्रकला भूक लागत नाही; बैलांना लागते, आणि गाडीवाल्या जोडप्याला पहाटे पुन्हा फडात उभे राहावयाचे असते. एवढ्या दोन-तीन हालचालींत रात्र सांभाळली जाते. कमीत कमी हलवावे आणि हलवावे ते असे की पुढच्या दिवसाला धक्का लागू नये, ही या कलेची पहिली खूण होय.

दुसरी खूण यंत्र सुरू झाल्यावर दिसते. मॅके व त्यांच्या मंडळींनी २००० मध्ये एका निबंधात असे दाखविले की, दुरुस्त झालेल्या यंत्रावर अनुभवी आखणीदार लगेच नाजूक किंवा निकडीचे काम लावीत नाही. काही वेळ त्या यंत्राचा भरवसा धरीत नाही. गणिताच्या दृष्टीने हा वेळ वाया गेला. आपल्याकडेही दुरुस्तीनंतर चरक पहिल्या तासात पुऱ्या गतीने भरीत नाहीत, आणि अड्डा लगेच गच्च भरून घेत नाहीत. पुन्हा थांबला तर? हा ‘तर’ ज्याने दोनदा भोगला आहे त्याला तो शिकवावा लागत नाही.

पण यंत्राचे मोडणे ही त्यातल्या त्यात सोपी अडचण. तिचा भार सर्वांवर थोडा थोडा वाटला जातो. खरी कसोटी आग लागते तेव्हा.

वीजवाहक तारा वाऱ्याने एकमेकींवर घासल्या, ठिणगी पडली, आणि दुपारी चार वाजता दहा एकर ऊस पेटला असे धरा. एकरी चाळीस टन म्हणजे चारशे टन. जळालेल्या उसाची साखर उभ्या उभ्याच नासू लागते. सालीला तडे जाऊन जंतू आत शिरतात, रस चिकट होतो, स्फटिक नीट बांधला जात नाही. दोन-तीन दिवसांत तो गाळला तर शेतकऱ्याच्या हाती काही लागेल. तीन दिवसांत चारशे टन म्हणजे रोजचे सव्वाशे-दीडशे टन. पाला जळालेला असल्यामुळे तोड जरा जलद होते हे धरूनही पन्नासेक कोयते तेथे हलवावे लागणार. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी, तर चार टोळ्या. कोणत्या?

टोळी म्हणजे यंत्र नव्हे, कळ फिरविली की फिरली. तिच्या कोप्या आहेत, लेकरे आहेत, बैल आहेत. बीड, पाथर्डी, शेवगाव, आष्टीकडून आलेली ही माणसे कोपी उभारून स्थिरावली म्हणजे पाच मैल हलण्यासही सहज राजी होत नाहीत. जवळ गाव असले की उसाचे वाढे विकून चार पैसे सुटतात; नवा फड आडरानात असला तर तेही जातात. शिवाय अर्धा तोडलेला फड सोडून टोळी उठविणे म्हणजे त्या शेतकऱ्याचा घात. तेव्हा अधिकारी शोधतो तो ज्या टोळीचा फड आज-उद्या संपतो आहे ती. चार टोळ्या अशा सापडल्या, जळीत फडाकडे गेल्या, आणि प्रश्न सुटला असे आपण म्हणतो.

सुटला का? त्या चार टोळ्या उद्या ज्या चार शेतकऱ्यांच्या बांधावर जावयाच्या होत्या, त्यांची तोड पुढे गेली. त्यांनी काही चूक केलेली नाही. त्यांच्या उसाला तुरा आला आहे. खोडवा ठेवावयाचा तर फेब्रुवारीच्या आत ऊस निघावा. सोसायटीचा हप्ता आहे. एकाच्या घरी लग्न आहे. आगीचा प्रत्यक्ष चटका एकाला बसला आणि तिची धग चौघांत वाटली गेली. आखणीच्या पुस्तकांत याला ‘विलंब’ म्हणतात आणि त्याची बेरीज करतात. पण बेरजेत हे दिसत नाही की तो विलंब कोणाच्या नावावर पडला. आमच्या मते या सर्व विषयाचा गाभा येथे आहे. कार्यक्रम मोडला की कोणाचे तरी देणे निर्माण होते. चांगला अधिकारी ते देणे लक्षात ठेवतो: मागच्या वेळी ज्याला थांबविले त्याला या वेळी थांबवावयाचे नाही. हे स्मरण म्हणजे त्याचे खरे भांडवल.

याच ठिकाणी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जळीत उसाला अग्रक्रम मिळतो हे कळल्यावर काही फड आपोआप पेटू लागतात! तोड लांबली म्हणून कधी मालकच काडी लावतो. कधी पाला काढण्याचा त्रास वाचावा म्हणून तोडणाराच लावतो. म्हणून कारखाने जळीत उसाच्या दरातून कपात करतात. पण तारांच्या ठिणगीने ज्याचा ऊस गेला त्यालाही ती कपात सोसावी लागली तर तो अन्याय. आणि कपात काढून टाकली तर रानोरान धूर. नियम कसाही करा, प्रत्येक फडाची राख पाहून निर्णय देणारा कोणी माणूस लागतोच.

पावसाचे तंत्र वेगळे. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी ऐन हंगामात राज्यभर अवकाळी पाऊस झाला, तेव्हा काळ्या रानातून ट्रॅक्टर निघणे अशक्य झाले. अशा वेळेसाठी जाणता अधिकारी डांबरी सडकेच्या कडेचे, मुरमाड रानातले काही फड पदरी राखून असतो. लागणीच्या तारखेने त्यांचा क्रम आधीच आलेला असतो, पण तो आज-उद्या करीत ते मागे ठेवतो. त्या शेतकऱ्याला यात पक्षपात दिसतो, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांलाही दिसला असता. परंतु दोन दिवसांच्या पावसात गव्हाण चालू राहते ती या राखीव फडांवर.

बिबट्याचेही सांगण्यासारखे आहे. जुन्नर-शिरूरकडे, आणि आता आपल्या बागायती पट्ट्यातही, तोड चालू असता सरीत मांजराएवढी बछडी सापडतात. वनखात्याची माणसे येतात, तोड थांबते, आणि बछडी त्याच जागी ठेवून रात्री मादीने ती उचलून नेण्याची वाट पाहिली जाते. टोळी दुसऱ्या दिवशी त्या फडात पाऊल टाकावयास तयार नसते, आणि तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कचेरीत बसलेल्यांना नाही.

आणि मार्च २०२० ची टाळेबंदी. हंगाम संपत आला होता, राज्यात लाखाहून अधिक तोडणी कामगार घरापासून दूर कोप्यांत होते. साखर अत्यावश्यक म्हणून गाळप चालू राहिले, पण रस्ते बंद, बाजार बंद, गावचे लोक परक्याला गावात येऊ देईनात. एप्रिलच्या मध्यानंतर तपासणी करून त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय झाला. त्या तीन-चार आठवड्यांत ज्यांनी टोळ्यांना धान्य पोचवीत, समजूत घालीत उरलेला ऊस काढला, त्यांच्या कामाला आखणी हे नाव फार तोकडे आहे.

आता एक प्रश्न विचारू. या सर्व गोष्टी अनपेक्षित, पण कोणाला? यादीला अनपेक्षित असलेले पुष्कळसे माणसाला अपेक्षित असते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान होते. टोळ्या मत टाकल्यावाचून गावाहून हलणार नाहीत, तेव्हा पहिल्या आठवड्यात कोयते कमी राहणार, हे ओळखण्यास पंचांगही नको आणि संगणकही नको. संक्रांतीला अर्धा दिवस जाणार, अमुक मुकादमाची दोन ठिकाणची उचल असल्याने त्याची टोळी फेब्रुवारीत पळणार, हेही चहाच्या टपरीवर आधी कळते. फॉक्स व स्मिथ यांनी जो ऐंशी-नव्वद टक्के वेळ मोजला तो असाच कोठे तरी जात असणार; पाहणाऱ्याला मात्र वाटते, साहेब गप्पा मारीत बसले आहेत.

येथे कोणी म्हणेल, आता तर वाहनांवर उपग्रहाचे लक्ष असते, चिटबॉयच्या हाती मोबाईल आहे, नोंदी संगणकात आहेत, तोडणीयंत्रे आली आहेत. मग या माणसाची मिजास किती दिवस? आम्ही यंत्राचे वैरी नाही. क्रमाची यादी संगणकात गेली ही फार चांगली गोष्ट झाली, कारण वहीतले पान फाटते. तोडणीयंत्राने कोयत्यांची चणचण कमी होईल, मात्र त्याला रुंद सरी व सलग मोठे क्षेत्र लागते आणि ओल्या रानात ते रुतते, तेव्हा ते आपल्या नव्या अडचणी बरोबर घेऊन येते. आमचे म्हणणे निराळे आहे. यादी बदलण्याचा जो अधिकार चांगल्या माणसाच्या हाती जळीत उसाला वाचवितो, तोच अधिकार दुसऱ्याच्या हाती विकावयाचा माल होतो. तोड लवकर हवी तर टोळीला ‘खुशाली’ द्या, ड्रायव्हरला ‘एन्ट्री’ द्या, ही बोली या भागात कोणाला अपरिचित आहे? २०२१-२२ च्या हंगामात ऊस अतोनात झाला, गाळप जूनपर्यंत लांबले, शासनाला वाहतुकीस व घटलेल्या उताऱ्यास अनुदान द्यावे लागले. मे महिन्यात मराठवाड्यात एका शेतकऱ्याने तोड मिळेना म्हणून स्वतःचा फड पेटवून जीव दिला. क्रम मागे पडणे ही केवळ गैरसोय नाही हे यावरून कळावे.

म्हणून अधिकाऱ्याचा हात बांधून टाकावा असे मात्र आम्ही म्हणत नाही. हात बांधला तर पावसात आणि आगीत सगळ्यांचाच ऊस जाईल. त्याने क्रम जरूर मोडावा. पण मोडल्यावर त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात: कोणाची तोड पुढे गेली आणि कशामुळे. ही वही गट कचेरीत ज्याला हवी त्याला पाहता यावी. यातून दोन लाभ होतील. लाच घेणाऱ्याला कारण लिहिताना लेखणी अडखळेल, आणि प्रामाणिक माणसाच्या डोक्यात असलेले देण्याघेण्याचे खाते तो निवृत्त झाला तरी मागे राहील. आज तो सेवेतून गेला की खातेही जाते, आणि पुढचा माणूस तीच आग, तोच पाऊस पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

आणि तिसरे काम निरोपाचे. ज्या चौघांची तोड आगीमुळे पुढे गेली त्यांना ते शेजाऱ्याकडून कळू नये. चिटबॉयने संध्याकाळीच मोटारसायकल काढून बांधावर जावे. तेथील संभाषण कसे होते हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

‘‘आबा, तुमची तोड चार दिवस पुढं गेली.’’

‘‘चार म्हंजी किती रं?’’

‘‘तळ्याच्या वरचा फड जळालाय, टोळी तिकडं लावलीय. गुरवारी तो उरकतो. शुक्रवारी सकाळी गाडी तुमच्या बांधाला. साहेबांनी वहीत लिव्हलंय.’’

आबा थोडा वेळ उसाकडे पाहतात, आणि मग विचारतात, ‘‘किती जळाला त्याचा?’’